पोच

दौरेसाहेबांचं खरं आडनाव कारखान्यात एकट्या पगार काढणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं, आणि तोही ते दर महिन्याला मस्टर बघून लिहायचा. बाकी थोरल्या मालकांपासून मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांचे ते दौरेसाहेब. १९८४ साली ते या मसाल्याच्या कारखान्यात विक्रीच्या कामाला लागले आणि तेव्हापासून महिन्याचे बावीस दिवस दौऱ्यावर असत. उरलेल्या आठ दिवसांत मागच्या दौऱ्याचं बिल आणि पुढच्या दौऱ्याची आखणी. मिरजेच्या एका व्यापाऱ्यानं मुलीच्या लग्नपत्रिकेवर ‘श्री. दौरे साहेब, सहकुटुंब’ असं घातलं, तेव्हा साहेबांनी दुरुस्ती सांगितली नाही. उलट आहेराच्या पाकिटावर स्वतःच तेच नाव लिहिलं. म्हणाले, “खरं नाव घातलं तर त्याच्या वहीत मी न दिलेल्यांत जाईन.”

मी त्यांना मजकूर लिहून देत असे. पाकिटामागच्या चार ओळी, दिवाळी अंकातलं पाव पान, एसटी स्टँडसमोरच्या भिंतीवरचं एक वाक्य. त्या वाक्यावर आमची भांडणं होत. मी अनुप्रासात शिरलो की ते बोटं मोडून शब्द मोजायचे. “पाच. भिंतीवर पाच शब्द. सहावा वाचेपर्यंत एसटी वळलेली असती.” हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. कऱ्हाडच्या स्टँडवर खिडकीशी बसून, गाडी वळताना स्वतः मोजून बघितलं होतं.

बाजार त्यांना पायांनी कळला होता. एखाद्या किराणा दुकानात ते गल्ल्याच्या आतल्या बाजूला, गुळाच्या ढेपेशेजारी, काहीही न करता तासभर बसत. जतच्या बाजारात लडीनं टांगलेली छोटी पुडी चालते. कोल्हापुरातली बाई मोठं पाकीट नेते, पण घरचा वर्षाचा मसाला तिचा वेगळा असतो आणि आपलं पाकीट ती ‘अडीनडीला’ म्हणून ठेवते. पुण्यातली बाई आधी मागची तारीख वाचते, मग पुढचं नाव. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी नुसती धमकी द्यायला. दगडफूल जास्त पडलं की साहेब पाकीट न फोडता ओळखत. एकदा एका दुकानदारानं “माल उठत नाही” अशी तक्रार केली. साहेबांनी नुसती पाकिटांची जागा बदलली. ती साबणाशेजारी होती. “बाई आधी नाकानं घेती, मग हातानं,” एवढंच बोलून ते पुढच्या दुकानात गेले.

आणि जाहिरातीची साधनं? त्यातलं एकही त्यांनी आधी गिऱ्हाईक म्हणून वापरल्याशिवाय कारखान्यासाठी वापरलं नाही. विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या तेव्हा ते शाळकरी पोर होते. त्यांतल्या सगळ्या जिंगल्स त्यांना पाठ होत्या, त्यामुळे पुढे कारखान्याची जिंगल करताना स्टुडिओत त्यांनी गाऊन चूक दाखवली. तंबूतल्या सिनेमात स्लाईड टाकायची ती मध्यंतराच्या सुरुवातीला नव्हे, शेवटी, कारण सुरुवातीला सगळे बाहेर पळतात आणि ते स्वतःही पळायचे. १९८८ साली रविवारी सकाळी महाभारत सुरू झालं तेव्हा सांगलीच्या वितरकाच्या घरी सतरंजीवर बसून त्यांनी ते बघितलं आणि नोंद केली, ‘जाहिराती चालू असताना घरातली बाई पोळ्या उरकायला उठते, आवाज मोठा हवा, चित्र नाही दिसलं तरी चालेल.’ १९७३ साली निघालेलं कालनिर्णय घराघरात गेलं आणि त्याच्या खालच्या पट्टीवर दुकानांची नावं छापून यायला लागली, तेव्हा साहेबांनी विचारलं, “खिळा कुठल्या खोलीत ठोकतात?” उत्तर स्वयंपाकघर असं आल्यावरच ऑर्डर गेली.

असा हा माणूस. म्हणून २०१२ साली धाकटे मालक एमबीए होऊन परत आले आणि त्यांनी कारखान्याचं फेसबुक पान काढून साहेबांच्या हवाली केलं, तेव्हा ते चुकीच्या हातात पडलंय असं कुणालाच वाटलं नाही. त्या दिवशी साहेबांनी संगणकाला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि खुर्चीवर बसून विचारलं, “ह्याचं दार कुठलं?”

पहिल्याच आठवड्यात प्रतिस्पर्ध्याचा भाव बघावा म्हणून त्यांनी समोर दिसलेल्या पांढऱ्या चौकटीत त्या मसाल्याचं नाव टाकलं, पुढे ‘अर्धा किलो भाव काय’ असं जोडलं आणि निळं बटण दाबलं. ती चौकट शोधायची नव्हती, लिहायची होती. आमच्या कारखान्याच्या पानावर, आमच्याच बोधचिन्हाखाली, दुसऱ्याच्या मसाल्याची चौकशी दीड दिवस झळकत राहिली. त्याला चौदा लाइक आले. त्या महिन्यात आमच्या दुसऱ्या कुठल्याच पोस्टला तेवढे आले नाहीत. खाली एका सज्जनानं भावही कळवला होता.

तेव्हापासून साहेबांच्या बोटात भीती शिरली. आंबोली घाट रात्री, पावसात, एकच दिवा चालणाऱ्या टेंपोतून उतरलेला हा गृहस्थ बटणाला घाबरू लागला. फोन ते डाव्या तळहातावर तीर्थाच्या पळीसारखा धरत आणि उजव्या हाताची तर्जनी त्याच्यावर अशी आणत, जणू खाली विंचू आहे. स्पर्श झाला की बोट लगेच मागे. मग दोघं थांबून बघायचे, साहेब आणि फोन, आधी कोण हलतं ते.

व्हॉट्सॲप मात्र त्यांनी एका गैरसमजामुळे आपलंसं केलं. २०१४ च्या नोव्हेंबरात त्यात निळ्या खुणा आल्या. जावयानं समजावलं, “समोरच्यानं वाचलं की निळं होतं.” साहेब खूश. “म्हणजे पोच! रजिस्टर एडीची गुलाबी चिठ्ठी, ती इथं निळी.” त्यानंतर रोज सकाळी ते वितरकांना ‘शुभ प्रभात’ पाठवून कुणाची पोच आली आणि कुणाची राहिली हे वहीत टिपू लागले. विट्याच्या वितरकानं ती खूण बंद करून ठेवली होती. दोन महिने पोच नाही. साहेबांना वाटलं, माणूस अंथरुणाला खिळला असणार. ते सफरचंदं आणि शहाळी घेऊन विट्याला गेले. वितरक दुकानात पोती मोजत होता. त्यानं शहाळं पिऊन ऑर्डर दिली. साहेबांच्या मते हा व्हॉट्सॲपचा विजय होता.

फेसबुक आणि पाठोपाठ आलेलं इंस्टाग्राम यांच्यासाठी पुण्यातली एक एजन्सी नेमली गेली, आणि साहेबांनी स्वतःसाठी एक सुरक्षित व्यवस्था लावली: छपाई. ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीनं रोज कॉमेंट छापायच्या, शिपाईमामांनी चार वाजताच्या चहाबरोबर त्या टेबलावर ठेवायच्या, साहेबांनी समासात लाल शाईनं शेरा मारायचा, शेऱ्यावरून मुलीनं उत्तराचा मसुदा करायचा, मसुद्यावर सही झाली की तो एजन्सीला मेल व्हायचा. फायलीवर नाव होतं ‘इंस्टाग्राम – आवक’. जावकची फाइल बारीक होती, कारण उत्तर निघेपर्यंत तीन दिवस जात. एका बाईनं आमच्या मसाल्यात केलेल्या भरल्या वांग्याची स्टोरी टाकली होती. स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते. साहेबांचं आभारपत्र तिसऱ्या दिवशी निघालं. “ज्याला उत्तर द्यायचं ते पत्रच न्हाई? टपालखात्यानंसुद्धा असं कधी केलं न्हाई,” असं म्हणून त्यांनी फायलीवर ‘मूळ पत्र गहाळ’ असा शेरा मारला.

कारखान्याचा प्रिंटर काळा-पांढरा होता. हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारा जो पिवळा चेहरा असतो, तो कागदावर राखाडी उतरे आणि त्यातलं फक्त पाणी ठळक दिसे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही एक विनोदी पोस्ट केली होती. चार वाजता साहेबांनी मला फोन लावला. आवाज खाली आलेला. “आवो, तुमच्या त्या पोस्टखाली माणसं रांगेनं रडायला लागल्यात. कोण गेलं?”

ती नवी मुलगी धीट होती. एकदा म्हणाली, “सर, तुम्ही स्वतःचं अकाउंट उघडा ना. थोडं वापरून बघा.”

“मी मसाला विकतो म्हणून रोज वाटीभर मसाला खाऊ काय?”

“वाटीभर नाही सर. पण चव तर तुम्हीच घेता ना आधी?”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, चहा संपवला आणि फाइल पुढे ओढली. त्या दिवशीच्या कागदांवर एकही शेरा नव्हता, एवढं तिनं मला नंतर सांगितलं.

दर महिन्याला एजन्सीची मंडळी रंगीत तक्ते घेऊन येत. त्यांतला एक शब्द साहेबांना आवडला होता: रीच. “रीच म्हणजे पोच,” ते मला कुजबुजत भाषांतर करून सांगत. या महिन्यात पोच अमुक इतकी, बूस्ट केली तर तमुक इतकी. पानाला पसंत केलेल्या सगळ्यांना आपली पोस्ट दिसतच नाही, दिसायला हवी असेल तर वर पैसे मोजावे लागतात, हे ऐकून ते अजिबात दचकले नाहीत. “भिंतीचं भाडं,” म्हणाले, आणि रक्कम मंजूर केली. बरोबरच होतं त्यांचं. फक्त, भिंत कुठल्या गावात आहे, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही.

आणि मग पांढरा रस्सा घडला.

एजन्सीतली पोरं हुशार होती. फोन त्यांच्या हातात गारगोटीसारखा फिरायचा. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा सोडली की तो तिथंच तुटतो, हे त्यांना झोपेत ठाऊक होतं. गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला यांतला फरक मात्र ठाऊक नव्हता. त्यांनी कोल्हापुरी थाळीचा एक देखणा फोटो टाकला आणि वर लिहिलं, की अस्सल पांढऱ्या रश्श्याचं गुपित म्हणजे आमचा गोडा मसाला.

पांढरा रस्सा पांढरा का असतो, एवढा विचार केला तरी पुरे. नारळाचं दूध, मटणाचं पाणी, खसखस, काजू. त्यात काळपट गोडा मसाला म्हणजे धुतलेल्या धोतरावर शाई. कोल्हापूरकर रात्रीतून जमले. “मसाला कुठं घालताय? रश्श्यात का पंचगंगेत?” असं एकानं विचारलं. त्यावर एजन्सीनं लाल बदाम लावून उत्तर दिलं, ‘थँक्स फॉर द लव्ह!’ दुसऱ्यानं लिहिलं, “ज्यानं हे लिहिलं त्याला आमच्याकडं पाठवा, जेवायला घालतो आणि मग बोलतो.” उत्तर, ‘वॉव! आम्हीही उत्सुक आहोत!’ एका बाईनं त्याच गर्दीत आपली खरी तक्रार मांडली, की पाकिटात खडा निघाला. तिलाही बदाम गेला.

साहेबांना हे कळलं ते दुसऱ्या दिवशी चार वाजता, चहाबरोबर, काळ्या-पांढऱ्यात. कागदावर बदाम काळे पडले होते. त्यांनी तो गठ्ठा दोनदा वाचला. गोडा मसाला आणि पांढरा रस्सा ही चूक त्यांच्या जन्मात झाली नसती. आदल्या रात्री पहिल्या कॉमेंटलाच ती त्यांना दिसली असती, तर त्यांनी तिथंच कान पकडून माफी मागितली असती आणि त्या कोल्हापूरकरांतल्या निम्म्यांना गिऱ्हाईक करून सोडलं असतं. पण ते त्या वेळी घरी झोपले होते आणि त्यांचा फोन देवघराशेजारी चार्जिंगला होता. ज्यांना तिथं वावरता येत होतं त्यांना मसाला ठाऊक नव्हता. ज्याला मसाला ठाऊक होता तो तिथं पाऊल ठेवत नव्हता. मधे शिपाईमामा.

एजन्सीच्या तक्त्यात त्या आठवड्याची पोच वर्षातली सगळ्यांत मोठी होती. तो हिरवा खांब बघून साहेब इतकंच म्हणाले, “पोच लई झाली. पोच असलेला माणूसच नव्हता तिथं.”

खडा निघालेल्या बाईंना उत्तर आपणच द्यायचं, असा त्यांनी हट्ट धरला. २०१७ साली गुगलनं मराठीतही बोलून टंकायची सोय केली होती. मुलीनं ती फोनवर सुरू करून दिली. साहेब खुर्चीत सरळ बसले आणि पूर्वी स्टेनोला सांगायचे तसं सांगू लागले. फोननं इमानदारीनं सगळं लिहून घेतलं. बाईंना मिळालेलं उत्तर असं होतं: ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष स्वल्पविराम आपली तक्रार वाचून वाईट वाटले पूर्णविराम पाकीट बदलून देतो पूर्णविराम नवा परिच्छेद मामा पंखा बारीक करा.’

बाईंचं उलट उत्तर आलं, ‘पाकीट नको, मामांना पंखा बारीक केला का ते कळवा.’ साहेब लाजेनं चूर झाले. पण मुलीनं पुढे केलेल्या फोनवर त्यांनी पहिल्यांदा एक गोष्ट रंगीत बघितली: पिवळा चेहरा हसत होता, रडत नव्हता.

पुढची पायरी ते स्वतःहून चढले असते असं मला वाटत नाही. ती २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी झाल्यामुळे चढावी लागली. दौरा बंद. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा साहेब ओळीनं आठ दिवस घरी. पहिल्या दिवशी त्यांनी माळा आवरला, दुसऱ्या दिवशी बायकोनं त्यांना तो परत लावायला सांगितला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरातल्या फडताळाची पाहणी करून कुठल्या डब्याची ‘डिस्प्ले पोझिशन’ चुकली आहे ते सुनावलं. चौथ्या दिवशी वहिनींनी फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “ह्यात जा कुठंतरी.”

ते मिसळीच्या एका समूहात गेले. स्वतःच्या खात्यावरून. खातं जावयानं कधीचं उघडून ठेवलं होतं. त्यावर साहेबांचा म्हणून जो फोटो होता तो त्यांच्या दिवाणखान्यातल्या पंख्याचा होता. त्या रात्री समूहात कुणीतरी लिहिलं होतं, “कट काय आणि तर्री काय, एकच की.”

अकरा वाजले होते. साहेब अंथरुणात उठून बसले. कट म्हणजे मसाल्याचा अंगाखांद्यानं जमलेला रस्सा. तर्री म्हणजे वर तरंगणारा तेलाचा तवंग. एकाला दुसरं म्हणणं म्हणजे नवऱ्याला त्याचा फेटा म्हणण्यासारखं. बोटात विंचवाची भीती होती ती कुठं गेली कळलं नाही. ते फोनला सांगू लागले, फोन लिहू लागला, सगळी विरामचिन्हं अक्षरांत. नागपूरचा एकजण तर्रीच्या बाजूनं उतरला. नाशिककरानं पापड आणि दही मधे आणलं. पुण्याच्या एका बाईंनी ‘सॅम्पल’ हा शब्द वापरला तेव्हा साहेबांनी त्यांना विचारलं, “डॉक्टरकडं न्यायचंय का?” तिकडून अमेरिकेतला एक सातारकर, ज्याच्याकडे दुपार होती, साहेबांच्या मदतीला धावला. पहाटे दीडपर्यंत लढाई चालली. शेवटी समूहातल्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलं, पूर्णविराम काका.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. डोळे लाल असणार, आवाज तरी तसाच होता. “एक गोष्ट कळली,” म्हणाले. “आपण आठ वर्षं तिथं एसटीतून जाताजाता भिंत रंगवत होतो. मुक्काम केलाच न्हाई कधी.”

मग त्यांनी मुक्काम केला. वहीत रीतसर दौरा आखला. सोमवार: पाककृतींचे समूह, सकाळी दहा ते बारा, कारण बायका स्वयंपाक करता करता विचारतात. मंगळवार: इंस्टाग्राम, फक्त बघणे, बोलणे नाही. बुधवार: प्रतिस्पर्ध्यांच्या पानावरच्या तक्रारी. महिनाअखेर त्यांनी दौऱ्याचं बिलही लावलं, ‘मुक्काम घर, प्रवास शून्य, रिचार्ज तेवढा द्यावा’. कारकुनानं ते परत पाठवलं, कारण ‘स्थळ’ या रकान्यात साहेबांनी ‘सर्वत्र’ असं लिहिलं होतं.

दिवस मार्च-एप्रिलचे. म्हणजे वर्षाच्या मसाल्याचे. मिरच्या उन्हात घालायच्या, देठं खुडायची, कांडपाच्या डंखावर रांग लावायची. आणि डंख बंद. समूहासमूहात बायका एकमेकींना विचारत होत्या, घरात मिरच्या येऊन पडल्यात, आता करायचं काय? हा प्रश्न एजन्सीच्या तक्त्यात कधीच आला नसता, कारण तो आमच्या पानावर कुणी विचारला नव्हता. तो गुळाच्या ढेपेशेजारी बसणाऱ्यालाच ऐकू येतो. साहेबांनी एकेकीला स्वतःच्या नावानं उत्तरं दिली. मिक्सरवर करा, पण थोडं थोडं; भाजलेलं पूर्ण गार होऊ द्या, गरम फिरवलंत तर वाफ धरून गोळा होईल; रंग हवा तर ब्याडगी वाढवा, लवंगीचा हट्ट नको, घरात पोरं आहेत. कारखान्याचं नाव एकदाही घेतलं नाही. दहाबारा दिवसांनी एका बाईनं आपण होऊन विचारलं, “काका, तुम्ही करता काय?” तेव्हा सांगितलं. तिनं लिहिलं, ‘मग तुमच्यातलं दगडफूल जरा कमी करा.’ साहेबांनी ते छापून घेतलं. त्या वर्षभरात त्यांनी छापलेला तो एकच कागद. तो कारखान्यात गेला आणि दगडफूल कमी झालं.

एजन्सी तशीच राहिली. पण उत्तरं साहेब आणि ती मुलगी देऊ लागले. आकडे फार वाढले म्हणाल तर तसं काही नाही. बदाम मात्र बंद झाले.

मी हे सगळं दुरून, कौतुकानं बघत होतो. दिवाळीच्या आधी चिवडा मसाल्याच्या पोस्टचा मजकूर मी त्यांना नेहमीसारखा पाठवला. पहिली ओळ शरद ऋतूवर होती, चांगली लांब, चांदण्यासकट. तासाभरात फोन.

“हे तुम्ही कशावर वाचून बघितलं?”

“लॅपटॉपवर.”

“फोनवर कसं दिसतं ते बघितलं?”

“नाही.”

“इंस्टाग्रामवर दीड-दोन ओळी झाल्या की पुढचं झाकतंय. ‘मोअर’ म्हणतंय. तुमचा चिवडा त्या ‘मोअर’च्या मागं राहिलाय. माणसाला नुसतं चांदणं दिसतंय.” मग जरा थांबून, “तिथं एसटी वळायची, हितं अंगठा वळतो. तुमचं खातं आहे ना?”

मी गप्प.

“न्हाई?”

“म्हणजे… उघडायचं आहे.”

“आठ वर्षं भिंतीवर लिहिताय आणि भिंत बघितली न्हाई?” ते रागावले नव्हते. विट्याला शहाळी नेतानाचा आवाज होता तो.

त्या रात्री मी दारं लावून खाती उघडली. पासवर्ड तीनदा चुकला. फोटो मागितला तेव्हा हात थरथरून जो निघाला त्यात माझा एक कान आणि पुस्तकांचं कपाट आहे. तो अजून तसाच आहे. मिसळीच्या समूहात शिरलो. पूर्णविराम काका तिथं होतेच. सभ्य माणसानं पहिल्याच दिवशी करू नये ते मी केलं. लिहिलं, “कट आणि तर्री यात मला तरी फरक वाटत नाही.”

तीन मिनिटांत उत्तर. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष स्वल्पविराम आपले मत पोचले पूर्णविराम आपण चांदण्यावर लिहावे स्वल्पविराम रश्श्यावर नको पूर्णविराम पोच द्यावी पूर्णविराम’

खाली माणसं हसू लागली होती. मलाही हसणारा चेहरा लावायचा होता. फोन डाव्या तळहातावर धरला, तर्जनी खाली आणली, जरा दाबून धरली तर सात चेहरे उगवले, त्यातल्या एकावर बोट टेकलं आणि लगेच मागे घेतलं.

लगोलग फोन वाजला.

“आवो,” दौरेसाहेब म्हणाले, “रडताय कशाला? कोण गेलं?”